तीन किलो चारशे

पिस्तुलाच्या डब्यातून वीट निघाली, तेव्हा विमान अजून धावपट्टीवर उभं होतं आणि अरीबा काउंटरपाशी. विमानतळावरच्या साहेबांचे प्रश्न संपले तेव्हा अरीबा तिथंच होती आणि विमान तुरीच्या शेतांवरून मुंबईकडे निघून गेलं होतं.

तासाभरानं ती अमरावतीत माणिकबाईंच्या पुढच्या खोलीत बसली होती. मांडीवर काळा टणक डबा. समोरच्या चहावर साय धरलेली.

माणिकबाईंनी धामणगाव रेल्वेच्या पार्सल ऑफिसात एकतीस वर्षं काढली. पार्सल नुसतं उचलून आतलं लोणचं कैरीचं की लिंबाचं ते सांगायच्या, असं म्हणतात. एकदा तर बरणी कोणत्या बाजूनं तडकलीय तेही सांगितलं. खोटं वाटत असेल त्यानं धामणगावच्या हमालांना विचारावं. निवृत्त झाल्यावर त्यांनी दारावर पाटी लावली, 'हरवलेलं शोधून मिळेल', आणि तेव्हापासून त्यांच्या दाराला उसंत नाही.

शेजारचे पुंजाराम त्यांचे जोडीदार. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांच्याकडे एक जुनी व्हॅन होती. ती उतारावरच सुरू व्हायची, म्हणून उतार असेल तिथंच उभी राहायची. पुंजारामांची हुशारी सगळी हातापायांत होती. डोक्याला त्यांनी कधी फारसा त्रास दिला नव्हता.

अरीबानं सगळं सांगितलं. ती अकोल्याची, एकोणीस वर्षांची. हवेच्या पिस्तुलानं नेम मारते. शुक्रवारी दिल्लीत राष्ट्रीय स्पर्धा होती, मुंबईला विमान बदलून जायचं होतं. हवेचं असलं तरी पिस्तूल विमानात जवळ ठेवता येत नाही. काउंटरवर आपण होऊन सांगायचं, कागद भरायचा. डबा त्यांच्यासमोर उघडून दाखवायचा, मग कुलूप लावून तो सामानात जातो. तिनं सगळं नियमानं केलं. मोठ्या ऐटीत डबा उघडला आणि आत कापसात गुंडाळलेली अर्धी वीट.

साहेब वाईट नव्हते. पण कागदावर पिस्तूल होतं आणि डब्यात नव्हतं. ते कुठं आहे हे उद्या दुपारपर्यंत कळलं नाही, तर चोरीची तक्रार ठाण्यात जाणार होती. मग जबाब, पंचनामा. पुढचं विमान परवा. ते चुकलं की शुक्रवार गेला.

"दुसऱ्याचं पिस्तूल नाही का चालत?" पुंजारामांनी विचारलं.

"काका, मूठ माह्या हाताच्या मापानं कोरलेली आहे. दुसऱ्याचं म्हंजे दुसऱ्याची चप्पल घालून पळनं."

माणिकबाईंनी डबा उघडला. कुलपावर ओरखडा नव्हता. एक किल्ली अरीबाच्या गळ्यात, दुसरी तिच्या अब्बांच्या अकोल्यातल्या दुकानात खिळ्याला, साऱ्यांच्या हाताशी. वीट अशी गच्च बसवली होती की डबा हलवला तरी आवाज येत नव्हता. कोपऱ्यात एक चिंधीची पुरचुंडी. आत मूठभर सरकी.

झाकणावर चिठ्ठी चिकटवलेली होती, ३ किलो ४००. अरीबा म्हणाली, सागर सरांनी, म्हणजे तिच्या कोचनी, वजन लिहून ठेवायला सांगितलं होतं. परवा दुकानातल्या काट्यावर डबा तोलला आणि मग तो उघडलाच नाही.

माणिकबाईंनी आपला काटा काढला. डबा ठेवला. तीन किलो चारशे. पुरचुंडी काढली. तीन किलो तीनशे चाळीस. पुरचुंडी परत ठेवली. तीन किलो चारशे. असं त्यांनी तीनदा केलं.

पुंजारामांना वाटलं, सरकी बहुतेक उंदरानं आणली असेल. तसं त्यांनी बोलूनही दाखवलं.

"उंदीर पुरचुंडी बांधते का, पुंजारामभाऊ?" माणिकबाई म्हणाल्या आणि अरीबाकडे वळल्या. "तू जाऊ नये असं कोनाले वाटते?"

अरीबानं दोन नावं घेतली. चुलतभाऊ फरदीन, त्याची निवड दोन गुणांनी हुकली. आणि अम्मी. ती आठ दिवसांपासून रडत होती. अब्बा मात्र तिच्यापेक्षा जास्त खुशीत होते. त्यांनी तर दिल्लीची थंडी ऐकून नवी रजई भरून सागर सरांसोबत रेल्वेनं पुढं पाठवली होती.

"सर काय म्हनाले रजईले?"

अरीबा पहिल्यांदा थोडी हसली. "काल संध्याकाळी गाडीतून फोन आला व्हता. म्हने, तुह्या अब्बानं कापूस भरला का दगड, उशाले घेतली तं टोचून राहिली. मंग फोन बंदच पडला."

माणिकबाई चप्पल शोधायला लागल्या. पुंजारामांनी व्हॅन उतारावर सोडली.

अकोल्याला पोहोचेस्तोवर पुंजारामांनी मनातल्या मनात फरदीनला दोनदा अटक केली होती.

अरीबाच्या अब्बांचं, कुर्बानभाऊंचं, गादी-रजईचं दुकान पुढं आणि घर मागं. पिंजणयंत्रावर फरदीन बसला होता. भुवयांवर कापूस, त्यामुळे बाविसाव्या वर्षीच म्हातारा दिसत होता. त्याच्या डोक्यावरच खिळ्याला किल्ली लटकत होती. पुंजारामांनी माणिकबाईंना डोळ्यानं ती दाखवली.

फरदीननं काही लपवलं नाही. निवड हुकली तेव्हा राग आला होता, चार दिवस अरीबाशी बोललाही नव्हता.

"पन तिले सारं मीच शिकवलं," तो म्हणाला. "मागच्या साली मी नागपुरावरून गेलतो ना. सिलिंडरची हवा काढ म्हनलं, कागद हाती ठेव म्हनलं. डबा समोर उघडतात, घाबरू नको म्हनलं. इचारा तिले."

अरीबानं मान हलवली. पुंजारामांना तरीही ती किल्ली फार जवळ वाटत होती.

अरीबाच्या अम्मी, आमिनाबी, आतल्या खोलीत बसल्या होत्या. डोळे सुजलेले. त्यांनी विचारायच्या आधीच कबूल केलं की पोरीचं आधार कार्ड दोन दिवस त्यांनी पिठाच्या डब्यात लपवलं होतं. मग पोरीचं तोंड पाहवेना, म्हणून पीठ झटकून परत दिलं. पिस्तुलाला मात्र त्या आयुष्यात शिवल्या नव्हत्या. ते घरात आलं की त्या दुसऱ्या खोलीत जात.

माणिकबाईंनी सहज रजईचा विषय काढला. दिल्लीला पाठवली ती छान झाली असेल म्हणाल्या.

आमिनाबींचा चेहरा आणखी पडला. "काय मालूम, ताई. आमच्या घरची रीत आहे, भरनं त्यायचं अन् टाके माहे. तीस साल झाले. या खेपेले टाकेबी त्यायनंच घातले. मले हातच लावू देल्ला नाही. माहे टाके आता बरोबर पडत नसतीन."

कुर्बानभाऊ काट्यापाशी बसले होते. बाजूला ताट झाकलेलं, भाकरीला हात लागलेला नव्हता. हातात फोन. सागर सरांना लावत होते, लागत नव्हता. आमिनाबी म्हणाल्या, सकाळपासून हेच चाललंय.

माणिकबाईंनी डब्याबद्दल विचारलं.

"मी सोता तोलला, ताई. तीन किलो चारशे. आमच्या धंद्यात वजन बरोबर तं माल बरोबर. इमानवाले बी काट्यावर घालतीन, पट्टी लावतीन, झालं, असं वाटलं. ते उघडतीन हे कोनाले मालूम." मग हळू आवाजात म्हणाले, "पोरगी गेली पायजे. काहीबी करा."

माणिकबाईंनी सगळ्यांना दुकानातच बोलावलं. फरदीननं यंत्र बंद केलं. कापसाचा पिंजा हवेतून हळूहळू खाली बसला.

"पुंजारामभाऊ," माणिकबाई म्हणाल्या, "तुमाले कोनावर शक आहे?"

पुंजारामांनी फरदीनकडे बोट केलं आणि लगेच खाली घेतलं. पोरगा त्यांच्याकडे फारच सरळ पाहत होता.

"बरं. समजा, फरदीनले वाटलं अरीबानं जाऊ नये. त्यानं पिस्तूल काढलं, वीट ठेवली. मंग साठ ग्रॅम सरकी काहून ठेवली?"

पुंजारामांनी पुन्हा खिळ्यावरच्या किल्लीकडे पाहिलं.

"डबा समोर उघडतात हे त्याले मालूम आहे. उघडल्यावर वीट दिसली काय अन् भोपळा दिसला काय, पोरगी अडकनारच. वजन जुळवाची त्याले गरज काय?"

फरदीननं कपाळावरचा कापूस पुसला. आमिनाबींकडे वळून माणिकबाई म्हणाल्या, "अन् ज्या माउलीले पोरगी घरी पायजे, ते आधार कार्ड लपवते. ते वीट तोलत नाही."

मग त्यांनी ती पुरचुंडी काट्यावर ठेवली. सगळे त्या साठ ग्रॅमकडे पाहत राहिले.

"सकाळपासून आमी शोधून राहिलो की अरीबाले कोनी अडवलं. हीच चूक झाली. ज्यानं ग्रॅमाचा हिशेब जुळवला, आवाज येऊ नये म्हनून कापूस कोंबला, त्याची एकच इच्छा व्हती, का हा डबा बिनबोभाट पार व्हावा. पोरगी इमानात बसावी. त्याले फक्त येवढंच मालूम नव्हतं का डबा उघडतात. त्याले वाटलं, तिथंबी आपल्या दुकानासारखंच. काटा, पट्टी, झालं."

आता पुंजारामांच्या डोक्यातही काहीतरी हललं. त्यांनी हळूच कुर्बानभाऊंकडे पाहिलं. कुर्बानभाऊ फोनकडे पाहत होते.

"जो पोरीले पाठवाले निघाला, तो पिस्तूल घरी कसं ठेवीन?" माणिकबाई पुढं म्हणाल्या. "ते तिच्या आधी दिल्लीले पोचलं पायजे. परवापासून या घरातून दिल्लीले एकच वस्तू गेली. जड. उशाले टोचनारी. अन् तीस साल जिनं टाके घातले, तिलेच ह्या खेपेले दूर ठेवलं. धामणगावाले पार्सलात गादी आली का मी आधी टाकेच पाहत व्हती. गादीत लोकं काय काय घालतात, तुमाले सांगितलं तं खोटं वाटीन. एकदा अख्खं घड्याळ निघालं, अन् ते टोले देऊन राहिलं व्हतं."

"अब्बा," अरीबा म्हणाली. एवढंच.

कुर्बानभाऊंनी फोन खाली ठेवला. चहाच्या टपरीवर कोणीतरी सांगितलं होतं, विमानतळावर पिस्तूल सापडलं की माणूस थेट आत. ते ऐकल्यापासून त्यांना झोप नव्हती.

"मले मालूम आहे कागद बरोबर आहे," ते म्हणाले. "पन पोरगी एकटी. आपलं नाव पाहून कोनी दोन सवाल जास्त इचारले तं? मी तिथं नाही. वाटलं, पिस्तूल रेल्वेनं जाईन अन् पोरगी इमानानं. उतरली का फोन करून सांगनार व्हतो, रजईचा कोपरा उसव म्हनून."

"मंग सकाळीच काहून नाही सांगितलं?"

"सागर सरले काहीच मालूम नाही ना. पोलिसानं त्यायलेच गाडीतून उतरवलं तं? इकडे पोरगी, तिकडे सर. आधी सरले फोन लागू दे म्हनलं. तो लागतच नाही."

अरीबा रागानं उठली होती. मग तिचं लक्ष झाकलेल्या ताटाकडे गेलं आणि ती बापाजवळ जाऊन बसली. म्हणाली, तुम्ही मला विचारलं असतं तर मी तुम्हाला कागद वाचून दाखवला असता, अब्बा, एकेक ओळ. कुर्बानभाऊंनी मान हलवली. त्यांना डोळे पुसायला जवळ कापसाशिवाय काही नव्हतं.

पाच वाजता सागर सरांचा फोन लागला. दिल्लीत उतरून नुकतेच खोलीवर पोहोचले होते. रजईचा जड कोपरा उसवा म्हटल्यावर त्यांना वाटलं, थट्टा चाललीय. मग फोनच्या पडद्यावर कात्री दिसली, कापूस दिसला आणि कापसातून पिस्तुलाची कोरलेली मूठ वर आली.  सर एवढंच म्हणाले की रात्रभर मी याच्यावर डोकं ठेवून झोपलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुर्बानभाऊ विमानतळावर साहेबांसमोर उभे राहिले आणि सगळं खरं सांगितलं. सागर सरांनी पिस्तुलाचा नंबर असलेला फोटो पाठवला होता. साहेबांनी जबाब लिहून घेतला आणि लपवाछपवीबद्दल चांगलं खडसावलं. तक्रार मात्र केली नाही. मग कुर्बानभाऊंना काउंटरपाशी नेऊन दाखवलं. इथं सांगायचं, इथं उघडायचं, इथं कुलूप. दोन सवाल इथं प्रत्येकालाच विचारतात, असंही सांगितलं. कुर्बानभाऊंनी सगळं दोनदा पाहिलं.

त्यांच्या अगदी मनात बसलं ते एवढंच, की काटा होता, पण तो सगळ्यात शेवटी.

अरीबा रिकामा डबा घेऊन गेली. नऊ दिवसांनी परत आली, ती पिस्तूल नियमानं सामानात टाकून, कागद भरून. सगळे तिला घ्यायला गेले. कुर्बानभाऊंनी दुकानातला हुकाचा काटा बगलेत मारून आणला होता. आमिनाबींनी पुष्कळ नको म्हटलं, पण ते ऐकेनात.

बाहेर, उतारावर लावलेल्या व्हॅनपाशी, त्यांनी डबा काट्याला अडकवला. काटा थोडा हलला आणि थांबला.

तीन किलो पाचशे नव्वद.

कुर्बानभाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी डबा काढून परत अडकवला. तेवढंच. "एकशे नव्वद जास्त भरून राहिला," ते अरीबाला म्हणाले. "यात आता कोनं काय घातलं?"

माणिकबाईंनी तोंड उघडलं, पण पुंजारामांनी त्यांच्या दंडाला हात लावला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना माणिकबाईंच्या आधी काहीतरी कळलं होतं आणि ते त्यांना हातचं घालवायचं नव्हतं.

"आपल्याकडं नेम मारल्यावर काय गळ्यात घालतात, कुर्बानभाऊ?"

अरीबानं गळ्यातली किल्ली काढून बापाच्या हातावर ठेवली. कुलूप उघडायला त्यांना बराच वेळ लागला. पिस्तुलाच्या बाजूला, कापसात गुंडाळून, निळ्या फितीचं कांस्यपदक होतं.

कुर्बानभाऊंनी ते आधी हातावर तोललं, मग आमिनाबींच्या हातात दिलं. आमिनाबी ते घेऊन कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. मग अरीबानं दिल्लीहून परत आणलेली रजई त्यांनी व्हॅनमधून ओढून पाहिली. कोपरा अजून उसवलेलाच होता.

"घरी गेल्यावर हे टाके मीच घालीन," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुमी फक्त भरा."