पाहुण्याचा पहिला फोटो

आमच्याकडे कुणाच्या घरी गेलं की आधी बाहेरूनच "होदी" म्हणायचं. आतून "करिबू" आलं की मग चप्पल काढायची. उत्तर नाही आलं तर पुन्हा म्हणायचं, आणखी एकदा म्हणायचं आणि मुकाट्याने परत फिरायचं. समुद्राकाठच्या आमच्या पंगानी गावात शेंबडं पोरही यात चुकत नाही. त्यामुळे म्वातिमाबाईंनी फोनवर फोटोंचा गट काढला, तेव्हा नव्या माणसासाठी पहिला नियम त्यांना शोधत बसावा लागला नाही.

गटाचं नाव 'पंगानीची नजर'. नव्या माणसाने होदी म्हणून आपलं नाव-गाव सांगायचं, जुन्यांपैकी तिघांनी करिबू म्हटलं की तो आत. पण आत आल्या आल्या स्वतःचे फोटो ओतायचे नाहीत. आधी निदान तिघांच्या फोटोंवर काहीतरी लिहायचं. नुसतं 'छान' लिहिलं तर बाई ते सरळ खोडून टाकत. "छान काय छान? काय पाहिलंस ते सांग की!" मग आपला फोटो टाकायचा, दिवसाला एकच. त्यात माणूस असेल तर त्याला विचारून काढलाय हे खाली लिहायचं. दुसऱ्याचा फोटो परस्पर कापायचा किंवा उजळायचा नाही. आणि आपल्या फोटोवर कुणी चार शब्द लिहिले तर त्याला उत्तर द्यायचं, घरी आलेल्याला पाणी विचारतो तसं.

नव्यांना हे सगळं समजावण्याचं काम बाईंनी माझ्या गळ्यात घातलं. मी दवाखान्यात एक्स-रे काढते. फिल्मवर आहे ते आहे, नाही ते नाही, असा माझा खाक्या. शाळेत बाईंनी मला भूगोल शिकवला होता आणि आज केस पिकायला लागले तरी मी त्यांना वचकून असते. भरतीचं पाणी मिठागरात शिरताना कुठल्या क्षणी रंग बदलतं, हे त्यांच्यामुळे मला दिसायला लागलं. त्यांच्याइतकं नीट बघणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

आणि गेल्या वर्षी त्यांचेच डोळे गेले. काचबिंदू. आधी कडेकडेचं दिसेना, मग मधलंही विझत गेलं. मी कामावरून सुटले की त्यांच्याकडे जायची, गटात आलेले फोटो तोंडी सांगायची. मला ते काही केल्या जमत नव्हतं. "पाणी आहे, मचवा आहे, मचव्यात दोन माणसं आहेत..." असं मी सुरू केलं की त्या हात वर करायच्या. "झैतुनी, तू मला मोडलेली हाडं वाचून दाखवतेयस."

एक दिवस म्हणाल्या, "रमजानच्या आधी गट बंद करून टाकू. जिला दिसत नाही तिने लोकांना बघायला शिकवायचं, शोभतं का?"

मी काहीतरी समजुतीचं बोलले, पण ते मलाही पटलं नाही. बाईंचं जेवण कमी झालं होतं. खिडकीकडे पाठ करून बसायच्या, आणि कुणी हाक मारली तर दुसऱ्या हाकेला ओ द्यायच्या. गट गेला तर जाऊ दे. पण गटाबरोबर बाईही जातील याची मला भीती वाटत होती.

मकामे आला तो त्याच आठवड्यात. सकाळी मी बाईंकडे तळलेल्या गोड मांदाझी घेऊन गेले होते, चहा ओतत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"होदी. मी मकामे. इथलाच."

इथलाच म्हणजे कुठला, हे विचारणं माझं कामच होतं. पण माणूस दारात उभा असताना त्याची उलटतपासणी करायची आमच्याकडे रीत नाही. मी करिबू लिहिलं. नदीवरच्या फेरीबोटीवर तिकिटं फाडणारा कोंबो आमच्या गटातला वात्रट, त्याने लिहिलं, "करिबू भावा, खुर्ची मोडकी आहे, सांभाळून टेक." तिसरं कुणाचं येईना. मी बाईंना सांगितलं.

"अगं मग? दारात कुणी ताटकळत उभं आहे आणि आपण चहा पितोय? लिही माझ्या नावाने. करिबू."

मकामेने पहिल्यांदा कोंबोच्याच फोटोवर लिहिलं. फोटोत फेरीबोटीच्या कठड्याला टेकलेली माणसं होती, बाकी काही नाही. त्याने लिहिलं, "तुमच्या उजव्या हाताला, चौकटीच्या बाहेर, एका बाईच्या मांडीवर पाय बांधलेली कोंबडी आहे. ती आत्ताच ओरडायची थांबलीय. म्हणून कठड्यावरची सगळी माणसं एकदम हलकी झालेली दिसतात."

"आयला!" कोंबोने लिहिलं. "कोंबडी होती रे बाबा! डोकं उठवलं होतं तिने!"

त्या दिवशी हा मकामे बोटीवर असणार, असं मी धरून चालले. मी तो मजकूर बाईंना वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मग त्या खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसल्या.

त्यानंतर तो दुसऱ्या, तिसऱ्या फोटोवर लिहीत गेला आणि तीन झाले तरी थांबला नाही. काय लिहायचा तो! माडाच्या सावलीला थंडी वाजतेय का, भिंतीचा चुना कुठल्या बोटांनी खरवडलाय, पोरगी हसायच्या आधी कशी होती. प्रत्येकाला नावाने हाक मारायचा, चूक दाखवायची तर आधी फोटोतलं चांगलं सांगायचा, उत्तर आलं की आभार मानायचा. नव्यांना रीतभात शिकवताना मी त्याचाच दाखला द्यायला लागले. आणि बाई! आमसुलासारखा सुकलेला तो चेहरा पुन्हा भरायला लागला. मी दारात पाऊल टाकलं की, "मकामेने काय पाहिलं आज?" पहिला प्रश्न हाच. गट बंद करण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. ज्याला मी कधी पाहिलं नव्हतं त्याच्यासाठी मी नमाजात दुवा मागत होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

एकदा त्याने बाईंचा जुना फोटो वर काढला. मिठागरात वाकलेल्या बायका आणि मागे सपाट आभाळ. त्याने लिहिलं, "क्षितिज किंचित डावीकडे झुकलंय. फोटो काढताना बाईंनी श्वास रोखला नव्हता. त्यांच्या पाठीमागे जो उभा होता, त्याने रोखला होता."

बाई ऐकून हसल्या. "मागे कुणी कसं असेल? मी अगदी काठावर उभी होते. मागे गळ्याइतकं पाणी."

मग त्या हसायच्या थांबल्या. "पण श्वासाचं बरोबर आहे त्याचं," म्हणाल्या.

मी विषय बदलला. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, पण सकाळी पेशंटांची रांग होती आणि मी ते विसरून गेले.

इतरांच्या फोटोंवर लिहून झालं की नव्या माणसाने महिन्याच्या आत स्वतःचा फोटो टाकायचा, नाहीतर त्याला बाहेर काढायचं, असाही एक नियम होता. फुकट बघे जमू नयेत म्हणून. महिना सरत आला तरी मकामेचा फोटो नाही. कोंबोने डिवचलंच. "मकामे, दुसऱ्याच्या ताटातलं किती चाखशील? तुझी चूल कधी पेटायची?"

मी बाईंना म्हटलं, "राहू दे ना. त्याला सूट देऊ."

"अजिबात नाही. नियम म्हणजे नियम." मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "आणि मला त्याचा फोटो हवाय गं. असं बघणारा माणूस काय काढेल, ते मला कळायला हवं."

मी त्याला तसं कळवलं. लगेच उत्तर आलं. "माझ्याकडे कॅमेरा नाही. फोनही नाही. बाईंचा कॅमेरा पडून असतो. थोडा वेळ मिळेल का?"

फोन नाही तर लिहितोय कशावर? कुणाचा तरी मागून आणत असेल. आणि कॅमेऱ्याचं कोंबोने सांगितलं असेल. मी कोंबोला फोन लावला.

"मी? माझी त्याच्याशी गाठ नाही की भेट नाही, ताई. मला वाटलं, तुझ्याच कुणीतरी ओळखीचा."

बाईंना हे सांगितलं तर त्या माझ्यावरच चिडल्या. मीठ मागायला आलेल्याला, वल्हं मागायला आलेल्याला आमच्या गल्लीत कुणी नाही म्हणत नाही. "माझा कॅमेरा गंजायला ठेवलाय का? दिला म्हणावं. घरी येऊन घेऊन जा. करिबू."

मी जसंच्या तसं लिहिलं. कुणी आलं नाही.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर मी बाईंकडे होते. खिडकीखालच्या बाकावर आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. चहा देताना थोडा माझ्या बाहीवर सांडला होता, तो पुसत होते. फोन वाजला.

मकामेचा फोटो होता.

खिडकीच्या पट्ट्यांमधून आलेलं ऊन बाईंच्या गुडघ्यांवर पडलेलं. शेजारी एक बाई, मान खाली, बाही पुसणारी. मी. बाहीवरचा डाग अजून ओला, चमकणारा. बाईंच्या अंगावर निळा सुती खांगा, जो मी तासाभरापूर्वीच त्यांच्या खांद्यावर टाकला होता.

खाली लिहिलं होतं, "जागा : बाईंचं घर. बाईंना विचारून काढला."

खरं सांगते, इतका सुंदर फोटो आमच्या गटात कधी आला नव्हता. ऊन, लाकूड, म्हातारे हात, सगळं जिथल्या तिथे. भीती वाटायच्या आधी माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग मी मान वर केली. फोटो जिथून काढलेला दिसत होता तिथे कपबशांचं कपाट होतं, भिंतीला चिकटून. त्याच्यामागे उभं राहायला वीतभर जागा नव्हती.

मी उठले. पलंगाखालची पेटी ओढून उघडली. कॅमेरा तिथेच, मी बांधलेल्या कापडात, मी मारलेल्या गाठीत. गाठ सोडली. बॅटरीची जागा रिकामी. फुगली म्हणून मीच ती मागे काढून टाकली होती.

"काय खुडबुड करतेयस?" बाई म्हणाल्या. "आला ना फोटो? सांग."

मी परत त्यांच्याशेजारी बसले आणि सांगायला लागले. त्या दिवशी पहिल्यांदाच मला ते जमलं. ऊन सांगितलं, उन्हातली धूळ सांगितली, त्यांचे हात सांगितले. चेहऱ्यापाशी आल्यावर मी अडखळले.

"काय झालं?"

"बाई, यात तुमचे डोळे... तुम्ही बघताय. अगदी समोर. बघणाऱ्या माणसासारख्या."

"बघणारच ना. तो समोर उभा होता."

"तुम्हाला दिसलं?"

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. नजर नेहमीसारखी माझ्या कानावरून निसटून गेली.

"तू नाही दिसत गं. खिडकीही नाही. तोच दिसतो." शाळेत बक्षीस मिळालेल्या मुलीचा आवाज होता तो. "उंच आहे चांगला. आणि किती नीट बघतो!"

मी त्यांचा हात धरला. तो ऊबदार होता आणि माझा गार पडला होता.

"गट चालू ठेवायचा, झैतुनी. ऐकलंस ना?"

"ऐकलं, बाई."

त्या कपाटाच्या दिशेने बघत हसल्या, मान हलवली. मग मला कोपराने हलकेच ढोसलं.

"अगं, सरक जरा. पाहुण्याला किती वेळ उभा ठेवायचा?"

मी सरकले.

"अजून थोडी," बाई म्हणाल्या. "सगळे मावायला हवेत."