बाहेरून कुणीच आलं नव्हतं

उकडलेले गहू, वर पिठीसाखर.

काळ्या कापडाखाली एक आरसा.

स्पेनमध्ये, संत्र्यांच्या गोदामात, जेवणाच्या सुट्टीत फोनकडे बघत बसलेला माणूस.

पांढरा बाण. पडद्यावर. कुणी हात न लावता फिरणारा.

यांचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. पण झोर्नित्सा माझी सख्खी मावसबहीण. शाळेत गणित शिकवते, भुताखेतांचं तिला वावडं. ती हे सांगताना रडली नाही, म्हणूनच मला खरं वाटलं. रुसे शहरात, डॅन्यूब नदीजवळच्या गल्लीत, एप्रिलमधल्या एका गुरुवारी, भर दुपारी घडलंय हे.

शनिवारी तिच्या बाबांना जाऊन चाळीस दिवस होणार होते. चाळिसाव्याला तिकडे उकडलेले गहू वाटतात.

शोकाच्या रीतीप्रमाणे घरातले आरसे झाकलेले होते. टीव्ही झाकलेला होता. संगणक तेवढा उघडा.

"अगं, तीही काचच ना!" शेजारच्या पराश्केवाआजी दारातूनच ओरडल्या. "झाक की!"

"शोकपत्रक त्यावरच करायचंय, आजी. झाकून कसं करू? चाचपडत?"

शोकपत्रकात फोटो, नाव, आणि तळाशी 'शोकाकुल' म्हणून घरच्यांची नावं. ते इमारतीच्या दारावर लागलं की अख्खी गल्ली आधी तळ वाचते. कोण आहे, कोण नाही.

झोर्नित्सानं तळाशी एकच नाव लिहिलं. स्वतःचं.

धाकट्या भावाचं, लाचेझारचं, नाही.

बाबांची कूस तिनं बदलली. सूप तिनं भरवलं. चादरी तिनं धुतल्या. लाचो गेली कित्येक वर्षं स्पेनमध्ये, व्हॅलेन्सियात. शेवटचा आला तेव्हा संगणकात एक प्रोग्रॅम टाकून गेला. त्यातून त्याला तिकडे बसून, फोनवरून, इथला बाण हलवता यायचा. दुपारचं जेवण झालं की बाबा पडद्यासमोर जाऊन बसत. बाण गोल गोल फिरू लागला की म्हातारा टाळ्या पिटायचा.

"झोर्का, लाचो आला गं!"

शाळेला सुट्टी असली की ती तेव्हा मागे उभी असायची, हातात बाबांचं लघवीचं भांडं.

बाणानं ते भांडं कधी उचललं नाही.

मग हिवाळ्यात बाण यायचा थांबला. बाबा तरी रोज बसायचे. पडद्याकडे बघत.

बुधवारी तिनं पत्रक उघडलं तर तळाशी दोन नावं...

तिनं भावाचं पुसलं.

गुरुवारी ते परत आलेलं होतं.

तिनं शाळेत रजा टाकली आणि संगणक दुरुस्त करणाऱ्या कामेनला बोलावलं. तो बाबांच्या खुर्चीत बसायला गेला.

"तिथं नको. स्टूल घे."

"बरं. चोर कोण?"

"माझा भाऊ. तिकडून माझ्या घरात घुसतोय. पुरावा काढून दे, मग बघते त्याच्याकडे."

"बहिणीच्या घरी जायला आजकाल तिकीटही लागत नाही!" कामेन हसला आणि कामाला लागला. आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम पाहिले. अनोळखी खाती शोधली. कुणी, केव्हा, कुठून संगणक उघडला, त्याची नोंद काढली.

त्याचं हसू हळूहळू कमी झालं.

"दुरून चालवायचा प्रोग्रॅम इथे होता. आता नाही. जानेवारीत कुणीतरी काढलाय."

झोर्नित्सा खिडकीबाहेर बघत राहिली. "त्यानंच काढला असेल. दुसरी वाट सापडली असेल त्याला."

"दुसरी वाट नाहीये, ताई. बाहेरून कुणीच आलेलं नाही. पासवर्ड बरोबर टाकून इथूनच उघडलाय. याच कीबोर्डवरून. रोज दुपारी, जेवणानंतर."

"तेव्हा मी शाळेत असते."

"मग घरी कोण असतं?"

कुणीच नसतं.

कामेननं नेटची वायर उपटली. "घ्या. आता आला तर मिशी उतरवतो."

टक्...

दोघांनी पाहिलं. कीबोर्डवर कुणाचाही हात नव्हता.

बराच वेळ काही नाही. मग... टक्.

बाबा एकाच बोटानं टाइप करायचे. अक्षर शोधत शोधत.

रिकाम्या खुर्चीवरची उशी मधोमध दबलेली होती.

कामेननं आपली पिशवी उचलली. "हे माझं काम नाही, ताई. पाद्री बोलवा." आणि तो मिशीसकट जिना उतरून गेला.

झोर्नित्सानं पडद्यावर काळं कापड टाकलं. फोन लावला.

"खरं सांग. तू माझ्या संगणकात येतोस?"

"मी?" मागे गोदामातले सरकते पट्टे खडखडत होते. "जानेवारीपासून जोडताच येत नाही, ताई. मला वाटलं, बाबांनीच बंद केलं. रागावून. म्हणून तर मातीलाही आलो नाही. म्हटलं, जिवंतपणी नको होतो, आता कशाला तोंड दाखवू?"

तिनं फोन दुसऱ्या कानाला धरला.

"ताई... शेवटी माझं नाव काढलं का गं त्यांनी?"

रोज काढत होते. शेवटच्या सकाळीसुद्धा.

"नाही," झोर्नित्सा म्हणाली.

कापडाखाली... टक्. टक्. टक्.

तिनं कापड ओढलं. तळाशी दोन नावं होती. त्यातलं एक, शेवटच्या अक्षरापासून, मागे मागे पुसलं जात होतं.

तिचं.

तिनं पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं गेलं. तिनं पुन्हा लिहिलं. कितीदा, ते ती सांगत नाही.

शनिवारी दारावर पत्रक लागलं. पराश्केवाआजी गव्हाची वाटी हातात धरून तळ वाचत उभ्या राहिल्या.

"अगं, जो आलाच नाही त्याचं नाव आहे. केलं सगळं तू, तुझं कुठाय?"

"छापताना राहिलं," ती म्हणाली.

तो कागद अजून तिथेच आहे, उन्हानं पिवळा पडलेला. संगणक तिनं विकून टाकला. तरी सुट्टीच्या दिवशी दुपारी ती घरी थांबत नाही, माझ्याकडे येऊन बसते. मीही तिला कारण विचारत नाही. तिच्याकडे गेलेच तर दारातून मान खाली घालून आत शिरते.

जानेवारीत तो प्रोग्रॅम झोर्नित्सानंच काढला होता, आणि तेव्हा बाबा तिच्या मागच्या खुर्चीत जागेच होते.