मागे सरकलेला आवाज

पिपरी मेघे येथील आपल्या घराच्या मधल्या खोलीत कृष्णकांत त्या रविवारी दुपारी भजनाची कॅसेट नीट करायला बसला, तेव्हा चहाच्या वेळेपर्यंत काम हातावेगळे व्हावे, एवढीच त्याची अपेक्षा होती. मे महिना होता. घरघर कानात भरते म्हणून कूलर बंद केलेला. त्याची खस वाळू लागली होती आणि तिचा मातकट वास खोलीत कोंडला होता. मस्कतला नोकरीस असलेल्या साळ्याने आदल्या दिवाळीत आणलेले यंत्र टेबलावर होते. त्याचे वैशिष्ट्य असे, की एकाच फितीवर चार आवाज वेगवेगळे साठवता येत, आणि मागाहून चार पट्ट्या वरखाली सरकवून कोणता पुढे, कोणता मागे, हे ठरवता येई. पहिल्या पट्टीवर नलू, दुसरीवर पेटी, तिसरीवर नलूचीच खंजिरी आणि चौथीवर साथीच्या बायका.

नलू ही त्याची भाची. तिची आई मनकर्णाबाई, म्हणजे कृष्णकांतची अक्का, हयात असेपर्यंत गावातल्या भजनी मंडळाची मुख्य गायिका होती. ती फाल्गुनात गेली. तिच्या जागी नलूने बसावे की साथीतल्या वच्छलाबाईंनी, याचा निकाल मंडळ ही कॅसेट ऐकून लावणार होते. नलूचा आवाज गोड, पण बारीक. आणि तिने एक ओळ एकटीने पुरी केलेली आजवर कोणी ऐकली नव्हती, कारण ओळीचा शेवटचा शब्द अक्का तिच्या तोंडून काढून घेत असे.

पहिल्याच कडव्याला कृष्णकांतच्या कपाळावर आठ्या पडल्या. साथीतली कोणी एक बाई नलूला झाकून टाकत होती. त्याने चौथी पट्टी खाली ओढली. बाकीच्या बायका दबल्या, ही मात्र तशीच. इक्वलायझरवर त्याने खर्ज कमी केला, मग मधले सूर कापले, मग वरचे. खंजिरीचा कडकपणा गेला, पेटी सर्दी झाल्यासारखी वाजू लागली, आणि ती बाई जागच्या जागी. शेवटी त्याने कंप्रेसरचा डबा जोडला. हा डबा मोठे आवाज दाबतो, त्यामुळे बारीक आवाज वर येतात. वर यायला हवी होती नलू. वर आला तो दोन ओळींमधला श्वास... जड, घशात किंचित घरघरणारा, आणि नलूचा नव्हे.

"वच्छलाबाई," तो दातओठ खात पुटपुटला.

घरगुती ध्वनिमुद्रणात आवाजांचा तोल पट्ट्यांच्याही आधी बसण्यात असतो. साथीला माइक एकच. ज्यांचा आवाज मोठा त्यांना सतरंजीच्या मागच्या टोकाला बसवायचे, ज्यांचा लहान त्यांना पुढे. "जरा मागे सरका" हे वाक्य त्याने त्या उन्हाळ्यात इतक्या वेळा उच्चारले होते, की बायका त्याची नक्कल करीत. त्याने त्याच दुपारी सगळ्यांना पुन्हा बोलावले, वच्छलाबाईंना थेट उंबऱ्यावर बसवले, आणि साथ नव्याने भरून घेतली. आवाज तसाच. पुन्हा भरली. तसाच. तेव्हा मात्र त्याचा तोल सुटला, आणि ज्या बाईला पोरीचे बरे पाहवत नाही तिने मंडळात बसूच नये, असे तो बोलून गेला.

वच्छलाबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. "भाऊ, या खेपेले मी तोंडच नाई उघडलं. नुसते टाळ वाजवून राह्यली होती. इचारा रुख्माबाईले."

"खरं हाय," रुख्माबाई म्हणाल्या. "मले वाटलं, आज हिले बोलाचा उपास हाय."

बायका हसल्या. नलू हसली नाही. मान खाली घालून ती खंजिरीच्या कातड्यावरून बोट फिरवत राहिली.

त्या गेल्यावर कृष्णकांतने चिडून चारही पट्ट्या तळापर्यंत ओढल्या. पेटी गेली. खंजिरी गेली. नलू गेली. हेडफोनमध्ये फितीची सुरसुर तेवढी उरली... आणि त्या सुरसुरीत ती बाई गात होती. ती पूर्ण ओळ म्हणतच नव्हती. नलूची ओळ जिथे संपायची, तिथला शेवटचा शब्द तेवढा. क्षणभर आधीच, हिसकावून घेतल्यासारखा.

तो आवाज त्याने ओळखला. खरे सांगायचे तर भीतीच्याही आधी आला तो संताप. लहानपणी याच अक्काने त्याला एक पाढासुद्धा शेवटपर्यंत म्हणू दिला नव्हता. आणि आता... आताही.

"अक्का," तो दबल्या, कडक आवाजात म्हणाला, "मांगं सरक. पोरीले गाऊ दे."

फीत फिरत राहिली. पुढच्या ओळीच्या शेवटी तो शब्द आला, पण थोडा दुरून. त्यापुढच्या ओळीला आणखी दुरून. मग आलाच नाही. त्याने पट्ट्या वर घेतल्या. नलूची ओळ निघाली आणि एकटीच शेवटपर्यंत जाऊन पोचली. पेटी, खंजिरी, साथ, सारे आपापल्या ठिकाणी. एवढा सुरेख तोल त्याला पुढे कधीही साधला नाही.

त्याने सारे दुसऱ्या कॅसेटवर उतरवून घेतले, यंत्र बंद केले, प्लग काढला, हेडफोन खाली ठेवला.

श्वास ऐकू येतच होता. जड, घशात किंचित घरघरणारा... मानेच्या अगदी मागे. त्याची खुर्ची भिंतीला टेकलेली होती. मध्ये बोटही शिरले नसते. मागे सरक, असे त्यानेच सांगितले होते. कुठवर, ते सांगायचे राहून गेले होते.

मंडळाने कॅसेट ऐकली, आणि वच्छलाबाईंनी स्वतःच नलूला हाताला धरून पुढे बसवले. कृष्णकांतने झाल्या गोष्टीचा उच्चार कोणाजवळही, अगदी पत्नी इंदिरेजवळही केला नाही. टेबल-खुर्ची तेवढी त्याने खिडकीपाशी हलवली.

श्रावणात दुसऱ्या कॅसेटसाठी बायका त्याच मधल्या खोलीत जमल्या. गाण्याआधी मुख्य गायिकेकडे वळून खंजिरी कपाळाला लावायची, असा त्या मंडळाचा रिवाज. आता मुख्य गायिका नलूच. तिने कोणाकडे वळावे असे कोणी उरले नव्हते. तिने खंजिरी उचलली, साऱ्यांकडे पाठ केली, आणि पूर्वी खुर्ची टेकलेली असे त्या रित्या भिंतीकडे पाहून कपाळाला लावली.

"तिकडं काऊन, नलू?" कृष्णकांतने विचारले.

"मामाजी, आईले थोडं पुढं येऊ द्या ना," ती हळूच म्हणाली. "तिथं तिचा दम कोंडते..."

मग तिने पहिली ओळ उचलली. शेवटच्या शब्दापाशी ती थांबली आणि वाट पाहत राहिली. बायकांपैकी कोणीही तो शब्द घेतला नाही. खोलीत काहीच ऐकू आले नाही. तरीही थोड्या वेळाने नलूने समाधानाने मान हलवली, आणि दुसरी ओळ सुरू केली.