शेवटची वीत

मी डावरी आहे, आणि आमच्या घराण्यात दगडाला छिन्नी लावणारी पहिली मुलगी आहे. यातली पहिली गोष्ट जन्माने मिळाली. दुसरी मी कमावली, बाबांच्या मागे तीन वर्षं भुणभुण लावून.

बाबा ग्रॅनाइट हाताने घडवतात. त्यांच्या शेडमध्ये मशीन नाही. छिन्न्या, हातोडे, गुण्या, पाण्याची बादली आणि एक लंगडं स्टूल, बस्स. यंदा डॉक्टरांनी त्यांच्या छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, दगडाची धूळ आजपासून बंद. बाबांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "वाचनालयाच्या पायरीचा शब्द दिलाय. तेवढी एकच. घाव तू घालायचे, तोंडाला फडकं बांधून, दगड ओला ठेवून. मी प्रत्येक ओळीची फक्त शेवटची वीत करून दाखवणार."

"आणि आईला कळलं तर?"

"तर त्या पायरीवर मलाच बसवेल. कायमचं."

मी आनंदाने उडी मारली ती थेट डॉक्टरांच्या कुंडीवर.

शनिवारी सकाळी शिळा फोडली. सरळ रेषेत अकरा भोकं, प्रत्येकात एक पाचर. प्रत्येक पाचरीला एकच ठोका, मग पुढची, मग पुन्हा पहिली. मध्ये थांबायचं. "दगडाला तुझ्यासारखी घाई नसते," बाबा म्हणाले. ठोक्यांचा आवाज हळूहळू चढत गेला. मग नुसतं 'टक्' झालं. इतकं हळू, की मला वाटलं माझंच बोट मोडलं.

पहारीने आम्ही दोन्ही अर्धे वेगळे केले.

एका अर्ध्याची आतली बाजू खडबडीत होती, असते तशीच. दुसऱ्याची घडवलेली होती. वरपासून खालपर्यंत, दोन-दोन बोटं रुंद ओळींमध्ये, छिन्नीच्या घावांनी भरलेली. आम्ही दोन्ही अर्धे पुन्हा जुळवून पाहिले. जुळेनात. मध्ये फट राहत होती.

बाबांच्या बोटांना घाव वाचता येतात. कुठली पायरी कोणी घडवली हे ते डोळे मिटून सांगतात. त्यांनी पहिल्या ओळीवरून बोट फिरवलं. "डावीकडे कललेत. हे तर तुझे गं!"

"मी दगडात कधी गेले होते?"

"तू काय, जिथे तिथे घुसतेसच."

पण ते हसले नाहीत. त्यांचं बोट ओळीच्या टोकाला पोचलं होतं. तिथे वीतभर जागेत घाव उजवीकडे कललेले होते. ते त्यांचे होते. त्यांनी हात झटकन मागे घेतला आणि म्हणाले, "हा भिंतीकडे तोंड करून ठेवू. पायरी त्या दुसऱ्याची करू."

सोमवारपासून शाळा सुटली की शेड. रोज एक ओळ. मी डावीकडून घाव घालत जायचे, वीतभर राहिलं की स्टूल बाबांना द्यायचे. बाबा शीळ घालत छिन्नी चालवायचे. खोकलाही कमी वाटत होता. दुसऱ्या ओळीत माझी छिन्नी घसरली, तर म्हणाले, "राहू दे. वाचनालयातल्या मुलांना ठेच लागायला काहीतरी हवंच."

तो घसरलेला घाव मला कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला.

बाबा हात धुवायला गेले तेव्हा मी वहीचा कागद पायरीवर ठेवून वरून पेन्सिल घासली. घावांचा ठसा उठला. मग भिंतीकडच्या अर्ध्यामागे कशीबशी शिरून तिथल्या पहिल्या दोन ओळींचा ठसा घेतला. दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीला धरले.

एकच ठसा दिसत होता. घसरलेल्या घावासकट.

मी पुन्हा मागे शिरले आणि पुढच्या ओळी मोजल्या. शेवटची वीत बाबांची, बाबांची, बाबांची. नवव्या ओळीपर्यंत. दहाव्या ओळीची शेवटची वीत डावीकडे कललेली होती. घाव वेडेवाकडे होते.

त्याखालच्या सगळ्या ओळी, कडेपासून कडेपर्यंत, माझ्या.

आठ ओळी झाल्यावर मी बाबांना म्हटलं, "ही शिळा सोडून देऊ. दुसरी आणू."

"का गं?"

"उगाच."

"उगाच म्हणे! इतकी सुरेख चाललीय." त्यांनी माझ्या केसांतली धूळ झटकली. "तुला शिकवायचं राहून गेलं असतं तर मला चैन पडलं नसतं."

मी अंगठ्याला पट्टी बांधली आणि दुखतोय म्हणून सांगितलं. दोन दिवस शेडकडे फिरकले नाही. बाबांनाही जाऊ दिलं नाही. पत्ते खेळले, मुद्दाम हरले.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून शाळेत चाचणी होती. घरी आले तर बाबा नव्हते. मी धावत शेडमध्ये गेले.

ते स्टूलवर बसले होते.

"अंगठा दुखतो म्हणे! लबाड," ते मान वर न करता म्हणाले. "दुपारी गुपचूप येऊन ओळ करून गेलीस की. छान झालीय हं. माझ्याहून सरळ."

नववी ओळ. डावीकडे कललेले घाव, सलग, कडेला वीतभर जागा ठेवून. त्यांवरची धूळ अजून कोणी फुंकलेली नव्हती.

"बाबा, उठा ना. घरी चला."

मी त्यांचं मनगट धरलं. त्यांनी माझा हात थोपटला आणि हळूच सोडवला. छिन्नी पुन्हा दगडाला लावली.

"चहा टाक जा," ते म्हणाले. "दोन बोटंच तर उरलीत."