राहीच्या कमरेचं दुखणं

कोल्हारच्या स्टँडवर एसटीतून उतरताना राहीच्या कमरेत अशी कळ आली, की ती पुढच्या माणसाच्या अंगावरच कलंडली. त्याने तिला सावरलं आणि हसून म्हणाला, "दवाखान्यात या की... इथं कशाला धडकता?"

तो गावात नवा आलेला डॉक्टर गोरक्ष. राही त्या हसण्यावर आठवडाभर जगली.

मग साळूआत्याच तिला दवाखान्यात घेऊन गेली. गोरक्षने तिचं पाऊल दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून दुमडलेला पाय अलगद खाली दाबला. माकडहाडाच्या वरच्या सांध्यात जाळ उठला.

"दुखतंय?"

"न्हाई."

कुशीवर वळवून त्याने कमरेचं हाड दाबलं. "आता?"

"तुमचा हात लई हलका हाय... कुठनं दुखंल?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "एका खुणेवर मी भुलत नाही, राहीबाई. तीन-चार तऱ्हांनी दाबून तेच दुखणं उठलं, तरच सांधा दोषी!"

राहीने दात आवळले. अधू कमरेची सून कुणाला हवी? आणि तिला सून व्हायचं होतं ते याच डॉक्टरच्या घरची. वेडी पोर!

डॉक्टरने सांधा निर्दोष सोडला. आत्याने लगोलग श्रीगोंद्याचं उसाचं बागायती स्थळ आणलं. मुलाचे वडील भिमाजी मात्र चतुर. मुलगी पाय ओढते, हे त्यांनी हेरलं. "डॉक्टरनं सांगू द्या, मंगच सुपारी फोडू," म्हणत ते तिला दवाखान्यात घेऊन आले आणि आत्यासोबत पडद्याबाहेर, लांब दारापाशी बसले.

या वेळी पाय दाबताच राही कळवळली. "दुखतंय! देवाशप्पथ, पयल्यापास्नं दुखतंय!"

गोरक्षचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्याने मान फिरवली. "लग्न मोडायला असं करू नका. तेव्हा एकदाही दुखलं नव्हतं."

"तवा खोटं बोलले... तुमच्यासाठी."

"तुम्ही 'दुखतंय' म्हणावं, हे लग्न मोडावं, असं मलाच इतकं वाटत होतं..." तो पडद्याकडे वळला. "म्हणूनच ते खरं धरवत नाही. डॉक्टरनं आपल्या मनासारखा निकाल द्यायचा नसतो."

आणि पडदा सारून त्याने सांगून टाकलं, "मुलगी ठणठणीत आहे."

असला प्रामाणिकपणा काय जाळायचाय!

राही टेबलावरून उतरली. पाय टेकताच तिला दरदरून घाम फुटला. गोरक्ष बघतच राहिला. ती पडद्यापाशी पोचली, तेव्हा तो पुटपुटला, "सासरी उसाच्या मोळ्या उचलू नका... कंबर जाईल."

म्हणजे त्याला पटलं होतं. पण बाहेर भिमाजींनी सुपारी फोडली होती.