चकाकीखालचा अंगठा

बाबा वारल्यावर गिटारींच्या कारखान्यात शब्द त्यांचाच चालणार की लेकीचा, हे एका इलेक्ट्रिक गिटारवर ठरणार होतं. लेकीने एकटीने घडवलेली ती पहिलीच. मागवली होती एका वादकाने. त्याचा घाम असा जहाल की बाबांनी केलेल्या दोन गिटारी रंग पार सोलवटून परत आल्या होत्या. ही टिकली तर त्याच्या बँडचं सगळं काम तिच्याकडे येणार होतं.

बाबा आयुष्यभर लॅकरच्या जुन्या, पातळ रंगाला चिकटून राहिले. देखणं, पण नाजूक. "लाकडाला श्वास घेऊ द्यावा," हे त्यांचं पालुपद. तिला ते पटायचं नाही, आणि तिने ते तोंडावर सांगितलंही होतं. शेवटचं वर्षभर बापलेकीत धड बोलणं नव्हतं.

तिने पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं जाड प्लास्टिकसारखं पॉलिश निवडलं. हार्डनर मिसळला की काचेसारखं चकाकतं आणि दगडासारखं घट्ट होतं. नमुन्याच्या फळीवर तिने किल्ली ओढून पाहिली. साधा ओरखडाही उठला नाही.

"त्यांना आवडलं नसतं गं," चहा घेऊन आलेली आई म्हणाली.

"आवडून घ्यायला ते आहेत कुठे?"

आई कप ठेवून निघून गेली.

रंगाचा पहिला हात वाळला, तेव्हा गिटारची मान बसते त्या खाचेत अंगठ्याचा ठसा होता. बाबांची ही रीतच होती. आधी लाकडावर अंगठ्याने दोनदा टकटक करायची, मग रंग वाळला का ते खाचेत दाबून बघायचं. मान बसली की डाग झाकला जातो. सवय तिलाही लागली होती. आपलाच असणार, म्हणत तिने पॉलिश पेपर फिरवला.

दुसऱ्या हातानंतर ठसा पाठीवर आला. मधोमध तिरकी रेघ होती. बाबांच्या अंगठ्यावर पटाशी लागल्याची खूण तशीच होती. रंगाच्या खोलीला कुलूप होतं, किल्ली तिच्या खिशात.

ती घाबरली, पण त्याहून जास्त चिडली. मेल्यावरही यांचंच खरं! तिने ठसा घासून काढला आणि तिसरा हात दिला. दुपारी पाहते तर ठसा दर्शनी बाजूला, ऐन उजेडात. तिने त्यावरून बोट फिरवलं.

ठसा खोल गेलेला नव्हता. वर आलेला होता.

कोणीतरी आतून अंगठा दाबला होता.

"ढकला," ती मोठ्याने म्हणाली. "बघूच कोण आधी दमतं ते."

तिने जाड हात दिले, एकावर एक. शेवटचा वाळेपर्यंत समोर खुर्ची टाकून बसली. चकाकीत तिचा चेहरा लख्ख दिसायला लागला. ठसा काही उठला नाही. तिला हसू आलं.

वादक आला, मनसोक्त वाजवून खूश झाला. मग तारांवर पंजा ठेवून त्याने आवाज बंद केला.

स्पीकरमधून टकटक आली.

"तार सैल आहे का हो, ताई?"

"नवं लाकूड आहे. बसेल हळूहळू." तिने आवाजाची कळ शून्यावर नेली.

टकटक.

तिने वायर उपटली.

टकटक. आता थेट लाकडातून.

आई दारात उभी होती. "अगं," ती हळूच म्हणाली, "श्वास तरी घेऊ दे त्यांना."

तिने आईकडे पाहिलं नाही. गिटार पेटीत ठेवून खिट्ट्या लावल्या.

"तुमच्या-माझ्यानंतरही टिकेल हा थर," ती वादकाला म्हणाली.

पेटीतली टकटक आता घाईची झाली होती.