थोरली मिठी

तीनवाडीत नळ गळत नाही. कुठे ओल नाही, शेवाळ नाही, रस्त्यात डबकं नाही. पाहुण्यांना याचं कौतुक वाटतं.

धरणात बुडालेली तीन गावं या माळावर आणून वसवली, तेव्हा प्रत्येक गावाने आपले पाइप उकरून सोबत आणले. एकाचे बिडाचे, इंचात मोजलेले. दुसऱ्याचे प्लास्टिकचे, मिलिमीटरचे. तिसऱ्याचे सिमेंटचे, त्यांचं माप ओतणाऱ्याच्या मनावर. कोणाचं तोंड कोणाला बसेना. पाणी सांध्यांतून मातीत जाई आणि बायका टँकरमागे धावत.

मग डॉ. शलाका उपळेकर आल्या आणि त्यांनी मिठी आणली.

मिठी म्हणजे पाइपांचा सांधाच, पण कारखान्यात घडवलेला नव्हे, प्रयोगशाळेत वाढवलेला. दिसायला कणकेच्या उंड्यासारखी. दोन पाइपांच्या मध्ये ठेवली की दोन्हीकडे पसरे, लहान तोंडाला आवळे, मोठ्याला पुरून उरे. जिथून पाणी निसटे, तिकडे सरके आणि ती वाट बुजवे. मात्र बसवण्याआधी तिला भिजवावं लागे. ज्याने भिजवाल ते तिला कळे, आणि पाइपातल्या पाण्याबरोबर तेही ती कायम राखत राही. शलाकाबाई याला पहिली चव म्हणत. टाकीखालच्या मुख्य सांध्यावर बसली ती थोरली मिठी. गावातल्या बाकीच्या तिच्यापासून तोडून लावलेल्या. थोरलीला जे कळे, ते सगळ्यांना कळे. कसं, ते शलाकाबाईंनाही पुरतं उमगलं नव्हतं.

थोरली बसवली सुकदेव फिटरने.

पुढे त्याचा भाऊ वारला, तेव्हा सुकदेव सरणापाशी कोरड्या डोळ्यांनी उभा राहिला. रडू छातीपर्यंत येई आणि तिथेच अडे. भर उन्हात चर खणला तरी पाठ कोरडी. बायको गोदाबाई म्हणाली, बरं झालं, सदरे धुवायचे वाचले. तिला स्वतःला मात्र घाम फुटत होता.

मग त्यांची रेवती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दिवस भरले, वर गेले. कळा येत आणि विरून जात, पण पाणमोट फुटेना. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोट चिरायचं ठरवलं. पातं फिरलं, आणि त्याच्या मागोमाग कातडी मिटत गेली. रक्त आलं नाही. डॉक्टरांनी पुन्हा चिरलं, पुन्हा मिटलं. त्यांनी पातं खाली ठेवलं आणि शलाकाबाईंना फोन केला.

दुपारी शलाकाबाई टाकीपाशी आल्या. सुकदेव आणि गोदाबाई तिथे होते.

“आप्पा, थोरलीला कशाने भिजवलंत?”

सुकदेव जुन्या वळणाचा फिटर. पाइपाच्या आट्यांवर ताग गुंडाळायचा, तर तो आधी तोंडात ओला करायचा. बापाने तसंच शिकवलं होतं. टाकीचं पाणी लावा असं त्याला सांगितलं होतं खरं, पण त्या दिवशी टाकी रिकामी होती.

“थुंकी लावली, बाई. सगळेच लावतात.”

शलाकाबाई पायरीवर बसल्या. मग त्यांनी दोघांना समजेल असं सांगितलं. मिठीचे बारीक कण सुटतात, पाण्याबरोबर घरोघर जातात. बाकीच्यांच्या अंगात त्यांना ओळखीचं काही सापडत नाही, ते निघून जातात. सुकदेवच्या आणि त्याच्या रक्ताच्या माणसांत त्यांना राखायला सांगितलेलं तेच पाणी सापडतं. मग ते तिथेच राहतात. आधी घाम धरतात, मग आसवं. मग जे जे बाहेर पडू बघेल ते.

सुकदेवने मोठा पाना उचलला. तो थोरलीला उपसूनच टाकणार होता.

“तोडू नका,” शलाकाबाई म्हणाल्या. “ती गेली तर कणांना सोडा म्हणणारं कोणी उरणार नाही. ते रेवतीला तसंच धरून बसतील.”

उपाय एकच होता. थोरलीला काढून उन्हात वाळवायची आणि दुसरी चव द्यायची. चव म्हणून साध्या पाण्याला ती आता विचारत नव्हती, जनावराच्या लाळेलाही नाही. तिने माणूस चाखला होता.

“सरपंचाची लावा,” गोदाबाई म्हणाली. “त्याच्या हातून तसंही काही सुटत नाही.”

कोणी हसलं नाही. सरपंचाला नाती होत्या. सुकदेवने घरामागून घर आठवून पाहिलं. कुठे सून गरोदर, कुठे पोर अंगावर पिणारं. तोपर्यंत काढून ठेवलेली थोरली दगडावर वाळून सुरकुतली होती. त्याने ती हातात घेतली.

“बाई, तुमचं कोण आहे?”

आपल्याला काय विचारलं जातंय ते शलाकाबाईंना कळलं होतं. इतकी वर्षं त्याही हेच पाणी पीत होत्या.

“कोणी नाही,” त्या म्हणाल्या.

सुकदेवने मान खाली घातली आणि मिठी पुढे केली. शलाकाबाईंनी ती थुंकीने भिजवली, आणि त्याने ती परत सांध्यावर बसवली.

दिवस मावळायच्या आत रेवतीची पाणमोट फुटली. मुलगी झाली. ती रडली, तशी रेवती रडली, आणि सुकदेव भावासाठी अडलेलं सगळं रडणं भिंतीला टेकून रडला. गोदाबाईने बाळ शलाकाबाईंच्या मांडीवर ठेवलं. त्यांचेही डोळे भरून आले. ते त्यांनी पदराने पुसले आणि ओला पदर कितीतरी वेळ बघत राहिल्या.

तेव्हापासून त्या रोज सकाळी सुईने बोट टोचून बघू लागल्या. रक्ताचा थेंब आला की बोट पुसायचं आणि कामाला लागायचं. पाणी वेळेवर येत होतं. कुठे गळत नव्हतं. त्या वाटेत दिसल्या की सुकदेव दुसऱ्या गल्लीने जाई.

उन्हाळा लागला. एके सकाळी त्यांनी बोट टोचलं. थेंब वर आला, टोकावर क्षणभर थांबला आणि आत परत गेला.